दारासमोरच्या रस्त्याचा वेग

या दिवसांत बॉस्टनमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजले की नवी मुंबईजवळच्या द्रोणागिरीत सकाळचे सात वाजतात. आईचा फोन याच वेळी येतो. दुधाची पिशवी घेऊन ती खाली उतरलेली असते. बोलता बोलता मध्येच म्हणते, "थांब हं, रस्ता ओलांडते." मग फोनमधून ट्रेलरचा हॉर्न ऐकू येतो, पाठोपाठ दुसरा. मी इथे जीव मुठीत धरून बसते. थोड्या वेळाने पलीकडून आवाज येतो, "हां, बोल आता."

बंदर जवळ, भोवती कंटेनर यार्ड; त्यामुळे अवजड वाहनं आमच्याकडे येणारच. २०२४ च्या जानेवारीत लोकल आली, स्टेशन झालं, पायी चालणारी माणसंही वाढली. रस्ते मात्र सरळ, रुंद आणि मोकळे. असा रस्ता दिसला की चालकाचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो.

इथे बॉस्टनच्या जमेका प्लेन भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे: २०. म्हणजे ताशी २० मैल, सुमारे ३२ किलोमीटर. पुढे बसका, लांबट गतिरोधक. काल संध्याकाळी शेजारची मुलगी मागे दोन छोटी चाकं लावलेली सायकल घेऊन रस्त्यावर आली आणि मध्येच अडखळली. समोरून येणारी गाडी आधीच हळू होती. ती शांतपणे थांबली. मुलीने पेडल सावरलं आणि ती गेली. गाडी वेगात असती तर?

ही पाटी सहज लागलेली नाही. वेगमर्यादा ठरवण्यात राज्याचा शब्द मोठा होता; वस्तीतल्या रस्त्यांवर ३० मैल चालत आणि सरसकट ती कमी करायला शहराला मोकळीक नव्हती. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा बदलून दाट वस्तीत २५ मैल आणि ठरावीक सुरक्षा क्षेत्रांत २० मैल करण्याचा अधिकार शहरांना आणि गावांना दिला. बॉस्टनने ९ जानेवारी २०१७ पासून २५ ची मर्यादा लागू केली. नंतर झालेल्या अभ्यासात दिसलं, की गाडी ३५ मैलांच्या वर जाण्याची शक्यता सुमारे २९ टक्क्यांनी घटली होती. पाच मैलांनी काय होतं, असं वाटेल. पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० चे २५ केले तरी तो सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. शहराने 'स्लो स्ट्रीट्स' योजनाही आणली; आमच्या गल्लीतली २० ची पाटी आणि गतिरोधक तिच्यातलेच. आमचा स्टोनी ब्रुक परिसर तिच्या पहिल्या दोन वस्त्यांपैकी एक.

आईला हे सांगितलं तर तिने विचारलं, "आमच्याकडे कुणाला सांगायचं?"

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ मध्ये उत्तर आहे. राज्य सरकार, किंवा सरकारने अधिकार दिलेलं प्राधिकरण, सार्वजनिक सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावरची मर्यादा राजपत्रात अधिसूचना काढून कमी करू शकतं. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत शहरी हद्दीत मोटारीला ताशी ७० किलोमीटरची मुभा दिली गेली. ती कमाल मर्यादा आहे. त्याखाली यायला कायदा अडवत नाही. पण द्रोणागिरीची आखणी सिडकोची, वाहतुकीची जबाबदारी नवी मुंबई पोलिसांची, आणि आसपासच्या गावांत ग्रामपंचायती. रस्त्यालगत राहणाऱ्या माणसाने कुणाचं दार ठोठावायचं?

म्हणून मला मनापासून वाटतं, की हा अधिकार घराच्या जवळ आला पाहिजे. शाळा कधी सुटते, म्हातारी माणसं कुठून रस्ता ओलांडतात, पावसाळ्यात कुठे पाणी साचून लोक रस्त्याच्या मधून चालतात, हे तिथल्यांनाच ठाऊक असतं. सरकारने स्थानिक संस्थांना वस्तीतल्या रस्त्यांसाठी हा अधिकार नावानिशी द्यावा. पाटीबरोबर गतिरोधक आणि पायी चालणाऱ्यांसाठी पट्टे यावेत. नुसत्या पाटीने ट्रेलर थांबत नाही.

गेल्या रविवारी बाबांनी सोसायटीचा अर्ज फोनवर वाचून दाखवला: अंतर्गत रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटर. मी त्यांना कलमाचा आकडा लिहायला सांगितला. आई मागून म्हणाली, "सह्या मी गोळा करते. दुधाच्या रांगेत सगळे भेटतात."