रेडिओचे कान

धारचं घर रिकामं केलं तेव्हा माझ्या वाट्याला रेडिओ आला. खरं तर तो कुणी मागितलाच नव्हता. पितळेची भांडी, आजीचं जातं, सागवानी कपाट यांना धनी मिळाले. मर्फीचा तो लाकडी पेटीतला व्हॉल्व्हचा रेडिओ तेवढा ओसरीत उरला. मी तो चादरीत गुंडाळला, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावला आणि इंदूरवरून देवासला घेऊन आलो.

मनात एक बेत होता. माझी आत्या देवासलाच, टेकडीच्या पायथ्याशी राहते. काचबिंदूमुळे तिला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. महिन्याभरात तिला ऐंशी पूर्ण होणार होती. माहेरचा रेडिओ नव्यासारखा करून तिच्यापुढे ठेवायचा, असं मी ठरवलं. तिला तो दिसणार नाही, हे त्या उत्साहात माझ्या लक्षातही आलं नाही.

आमच्या घरात 'नॉब' हा शब्द नव्हता. 'कान' होते. 'कान पिळ रे जरा त्याचा' म्हणजे आवाज कमी कर. या रेडिओला चार कान: एक आवाजाचा, एक टोनचा, एक सुई फिरवायचा आणि एक पट्टा बदलायचा, म्हणजे मीडियम वेव्हवरून शॉर्ट वेव्हवर जायचा. चारही काळ्या बेकेलाइटचे. त्यांवरची इंग्रजी अक्षरं कोरून त्यात पांढरा रंग भरलेला होता. पण साठ वर्षांच्या तेलकट बोटांनी आणि धारच्या धुळीनं तो रंग पार गेला होता. अक्षरं होती, पण काळ्यात काळी.

कान काढण्यापासूनच शिकावं लागलं. पकड लावून ओढलं तर बेकेलाइटचा टवका उडतो. पायजम्याची नाडी कानामागे घालून दोन्ही टोकं सारखी ओढली की तो अलगद निघतो. दोन कान बारीक स्क्रूनं आवळलेले होते आणि त्या स्क्रूच्या भोकात मेण भरलेलं होतं. मला वाटलं घाण आहे. मग रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिरानं सांगितलं, की ते मेण मुद्दाम भरतात. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही सेटांत आतल्या लोखंडी सांगाड्यातच विजेचा प्रवाह येऊ शकतो. स्क्रू त्या सांगाड्याशी जोडलेला, आणि बोट लागलं की झटका. तुमच्याकडे आजोबांचा असा सेट असेल, तर ते मेण परत भरल्याशिवाय कान बसवू नका. आणि कितीही मोह झाला तरी प्लग लावून बघू नका. आतले जुने कपॅसिटर आधी जाणकाराकडून तपासून घ्या.

धुवायला कोमट पाणी, चार थेंब भांड्यांचं लिक्विड आणि मऊ टूथब्रश पुरतो. बेकेलाइट पाण्यात भिजत मात्र ठेवायचं नाही, कारण त्यात लाकडाचा भुसा मिसळलेला असतो आणि वरची चकाकी गेलेली असली की तो पाणी पितो. थिनर तर घरातच आणायचा नाही. बेकेलाइट एक वेळ टिकेल, पण शेजारची प्लास्टिकची डायल विरघळेल. धुऊन झाल्यावर ओला कान हुंगून बघा, कार्बोलिक साबणासारखा वास येतो. तीच बेकेलाइटची ओळख.

मग रंग. आमच्या देवासला 1974 पासून बँक नोट प्रेस आहे, नोटांची शाईसुद्धा इथेच बनते. पण पांढऱ्या इनॅमलची लहानशी डबी मिळवायला मला दोन दिवस चार दुकानं हिंडावी लागली. "भाईसाब, लीटर ले जाओ, घर की जाली पोत लेना," हा एका दुकानदाराचा सल्ला. शेवटी डबी मिळाली. टूथपिकनं रंग अक्षरात भरायचा, बाहेर सांडला तरी सांडू द्यायचा. थोडा आटला की कडक पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सुती चिंधी ताणून, तिला घासलेटाचा हलका हात लावून, अक्षराला आडवं पुसायचं. उभं पुसलं तर चिंधी खाचेत उतरते आणि भरलेला रंगही घेऊन येते. मी पहिला कान तीनदा भरला. चौथ्या वेळी 'व्हॉल्यूम' असा उमटला की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. ती म्हणाली, "छान," आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून परत गेली.

टोनचा कान मूळचा नव्हता, कुठल्यातरी दुसऱ्या सेटचा आणून बसवलेला. त्यावर कोरलेलं काही नव्हतं, छापलेलं होतं आणि ते साफ उडालेलं. तो मी कोराच ठेवला. जे आहे ते उजळायचं. नव्यानं लिहीत बसणं मला पटत नाही.

पट्ट्याच्या कानावर, कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढा एक तपकिरी-लाल फुगवटा होता. कधीतरी रंग सांडला असेल, असं मला वाटलं. साबणानं गेला नाही. कापसावर स्पिरिट घेऊन चोळलं, तर पाच मिनिटांत विरघळला. मोठ्या समाधानानं मी तो कापूस फेकून दिला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी रेडिओ आत्याकडे नेला. तिनं आधी पेटीवरून दोन्ही हात फिरवले, मग जाळीचं कापड चाचपलं. एकेक कान धरून बघितला. शेवटच्या कानावर तिचा अंगठा दोनदा गोल फिरला.

"ठिपका कुठे गेला?"

"कुठला ठिपका, आत्या?"

"आईचा."

मग तिनं सांगितलं. आजोबा धारला पोस्टात होते. 1960 च्या सुमारास रेडिओ घेतला. त्याचा परवानाही पोस्टातच दर वर्षी नवा करावा लागे. आजोबा कामावर, मुलं शाळेत, आणि आजी घरात एकटी. तिला मराठी वाचता येई, इंग्रजी नाही. कान कुठे फिरवला की काय लागतं, हे तिला कळेना. तेव्हा आजोबांनी पार्सलवर मोहोर करायची लाख मेणबत्तीवर धरून तिचा एक थेंब कानावर टाकला. ठिपका वर आला की इंदूर, एक घर उजवीकडे सरकवला की सिलोन.

तुम्हा मुलांना यातली गंमत सांगायला हवी. इंदूरचं आकाशवाणी केंद्र 1955 चं, मीडियम वेव्हवर. रेडिओ सिलोन शॉर्ट वेव्हवर, पार कोलंबोहून. 1952 पासून मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि सगळा देश सिलोनकडे वळला. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली, तरी बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सिलोनवरच लागायची. आत्या म्हणाली, बुधवारी ठिपका उजवीकडे करायचा मान तिचा होता, आणि त्यावरून तिची नि माझ्या बाबांची मारामारी व्हायची. बाकीचे सहा दिवस ठिपका वर. त्या इंदूरवर तिनं पहिल्यांदा कुमार गंधर्व ऐकले. पुढे लग्न होऊन आली ती नेमकी त्यांच्याच गावात. 'भानुकुल' तिच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. हे ती आम्हाला इतक्यांदा ऐकवते, जणू लग्न त्यासाठीच ठरलं होतं.

"तू अक्षरं भरलीस ते चांगलं केलंस," ती म्हणाली. "पण ती मला कधीच लागली नाहीत रे."

रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन कान पुन्हा काढला आणि खिडकीपाशी भिंगाखाली धरला. उन्हानं बेकेलाइट विटून करडं-तपकिरी होतं. पण एका जागी ज्वारीच्या दाण्याएवढं वर्तुळ गडद काळं, चकचकीत होतं. इतकी वर्षं लाखेखाली झाकलेली जागा! पॉलिश मी कंटाळून हलक्या हातानं केलं होतं म्हणून ते वाचलं. आळसाचा इतका फायदा मला आयुष्यात दुसरा झालेला नाही.

लाखेची कांडी मिळाली कोर्टाजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात. आधी जुन्या बाटलीच्या झाकणांवर सराव केला. थेंब फार गरम असला तर पसरतो, गार असला तर शेपूट ओढतो. सात झाकणं झाल्यावर कान घेऊन आत्याकडे गेलो, कारण हे तिच्या पाठीमागे करायचं धाडस आता माझ्यात नव्हतं. वर्तुळावर थेंब टाकला, गार होऊ दिला आणि तिच्या हातात कान दिला.

"जरा मोठा झालाय."

"घासून कमी करू?"

"राहू दे. आईचाही आधी मोठाच होता, झिजून बारीक झाला."

कान दांड्यावर बसवला. रेडिओ अजून वाजत नाही. त्याचे कपॅसिटर बदलायचे आहेत आणि कारागीर म्हणतो दिवाळीनंतर या. आत्यानं पट्टा फिरवला. खट्ट. ठिपका उजवीकडे. पुन्हा फिरवला. खट्ट. वर.

"आज वार कोणता?" तिनं विचारलं.

"शुक्रवार."

"मग इंदूरच राहू दे," म्हणाली, आणि हात काढून घेतला.