बटणाची कॉफी

चिरंजीवांनी कॉफीचं यंत्र आणलं आणि ते ठेवायचं की परत करायचं, हे ठरवायची कामगिरी माझ्यावर सोपवली. बटण दाबलं की यंत्र आपणच बिया दळतं, 9 बारच्या दाबानं गरम पाणी सोडतं आणि अर्ध्या मिनिटात सोनेरी फेसाची एस्प्रेसो हजर! चवीला नाव ठेवायला जागा नाही. पण मग मागण्या सुरू: पाणी भरा, चोथा टाका, क्षार काढा. एवढे लाड आम्ही जावयाचेही केले नाहीत!

सौभाग्यवतींनी एकच विचारलं, "अहो, ह्यात जायफळ कुठं किसायचं?"

यंत्र गप्प. मीही. कॉफीला उकळी येईपर्यंतच तर आम्ही दोघं रोज बोलतो. अर्ध्या मिनिटात काय बोलणार?

निकाल : यंत्र उत्तम. बटण चिरंजीव दाबतात. आम्ही पातेल्यापाशी.