चेनची लांबी

उशिरा येणाऱ्या मुलींची कारणे ऐकून ऐकून शिक्षकाचे कान तयार होतात. त्यातले एक कारण मात्र सहसा खोटे नसते, कारण पुरावा हातावरच असतो. काळेकुट्ट ग्रीस. "टीचर, चेन उतर गई थी."

आठवीतली एक मुलगी महिनाभर असेच हात घेऊन वर्गात येत होती. घर चार किलोमीटरवर. मिस्त्रीने दोनदा चेनच्या कड्या काढून दिल्या, तरी जोर लावला की चेन घसरायची. शेवटी अब्बांनी निकाल दिला, "रोज का झमेला नको. घर में बैठ के पढ़ लेगी." आमच्या मोहल्ल्यात घरी बसून शिकणारी मुलगी पुढे किती शिकते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी फूटपट्टी घेऊन त्यांच्या घरी गेले.

चेन हा तसा गणिताचाच विषय. एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच. आतली एक कडी आणि बाहेरची एक, अशी जोडी एक इंचाची. म्हणून साधी चेन इंचाच्या हिशेबानेच कमी-जास्त होते. पायडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर दुप्पट करावे. पुढच्या चक्राचे आणि फ्रीव्हीलचे दात मिळवून चारने भागावे आणि त्यात टाकावे. चक्रे लहानमोठी असल्याने किंचित जास्त लागते, म्हणून वरचा पूर्ण इंच धरावा. तिच्या सायकलचे अंतर १८ इंच, दात ४८ आणि १८. छत्तीस अधिक साडेसोळा, म्हणजे साडेबावन्न. धरायचे ५३ इंच, म्हणजे १०६ कड्या. राहिलेला ढिलेपणा मागचे चाक खाचेत सरकवून काढायचा. खालची चेन मधोमध बोटाने हलवली तर अर्धा इंच खालीवर व्हावी. त्याहून ताठ नको, त्याहून सैल नको.

मग कड्या काढूनही चेन घसरत का होती? मी २४ कड्या मोजून पट्टी लावली. नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात. एक सूत वाढले की चेन बदलावी. इथे दोन सूत वाढले होते. पिना झिजल्या की प्रत्येक सांधा थोडा थोडा लांबतो. कडी काढल्याने चेन आखूड होते, पण सांध्यांमधले अंतर तेवढेच राहते. ते दातांशी जुळत नाही आणि दातही झिजवते.

अब्बांनी स्वतः पट्टी धरून पाहिले. मग म्हणाले, "मतलब लड़की का कुसूर नहीं था." मी म्हटले, "सायकलचाही नव्हता, भाई. चेनची उमर झाली होती."

नवी चेन ११२ कड्यांची आली. हिशेबाने सहा काढल्या. दात झिजलेले म्हणून फ्रीव्हीलही बदलले. मुलगी आता नववीत आहे.

जुळत नाही म्हटले की काहीतरी कापून टाकायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. कधी कडी कापतो, कधी मुलीची शाळा. कापण्याआधी मोजून पाहायला मात्र कुणाला फुरसत नसते. मोजायला तर बारा इंचांची पट्टी पुरते, आणि ती प्रत्येक दप्तरात असते.