साताऱ्याहून सांगलीस

परदेशांत राहणाऱ्या मनुष्यास सावधगिरी अंगवळणीं पाडून घ्यावी लागते. लंडनमधील आमच्या वास्तव्यांत भुयारी गाडींत चढतांना आमचा हात आपोआप खिशावर जात असे. आणि रोमच्या टेर्मिनी स्थानकाहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस तर खिसेकापूंसाठीं इतकी कुप्रसिद्ध, कीं तींत आम्हीं पैशांची पिशवी पोटाशीं धरूनच प्रवास केला. इतक्या वर्षांत परमुलुखांत आमची दमडीही गेली नाहीं. जें जावयाचें तें घरच्या वाटेवर गेलें.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां साताऱ्यास आलों होतों. सांगलीस आमच्या आत्याबाई असतात. त्यांच्या नातीचें लग्न ठरलें होतें, आणि आमच्या कैलासवासी मातोश्रींची मोहनमाळ तिला द्यावी, या हेतूनें आम्ही ती घेऊन एस्. टी. नें निघालों. माळ एका बटव्यांत, आणि बटवा सौभाग्यवतींच्या पिशवींत.

हा सारा प्रवास कृष्णेच्या खोऱ्यांतला. साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णा, कऱ्हाडास कोयना आणि सांगलीनजीक हरिपुरास वारणा कृष्णेस मिळते. अजिंक्यतारा मागें पडला आणि उसाचे मळे पाहतां पाहतां आम्ही बाळपणींच्या गोष्टींत रमून गेलों. आपल्याच मुलुखांत पिशवी सांभाळावयाची ती कोणापासून!

वाटेंतील एका स्थानकावर गाडी बदलावी लागली. गाडी थांबते न थांबते तोंच खिडक्यांतून रुमाल आणि टोप्या आंत पडूं लागल्या, व दाराशीं एकच रेटारेटी झाली. खिसेकापूचें काम साधतें तें याच क्षणीं. एक जण पुढें अडून राहतो, दुसरा मागून रेटतो, तिसरा पातें चालवितो. आपलें लक्ष जागेकडे असतें, आणि पिशवीस लागलेला धक्का गर्दीचाच वाटतो. "मेली ही गर्दी!" म्हणून सौ. हंसल्यादेखील. बांकावर बसून पाहतात तों पिशवीस वीतभर चीर, आणि बटवा नाहीं.

शेजारच्या बांकावर तान्हें मूल घेतलेली एक बाई होती. अंगावर विटकें लुगडें, पायांशीं गांठोडें. कोणीसें म्हणालें, "पारध्याची दिसते, हिचेंच काम!" त्यासरशी साऱ्या गाडीची खात्री पटली. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याचा कायदा केला. स्वतंत्र भारतानें तो १९५२ सालीं रद्द केला. कायदा पुस्तकांतून गेला, तरी मनांतून गेला नव्हता, आमच्याही नाहीं. लोकांनीं बाईला गांठोडें सोडावयास लावलें, आणि आम्ही "नको" म्हणालों नाहीं. आंत निघालें काय? दोन लुगडीं, फडक्यांत बांधलेल्या भाकरी आणि लेकराच्या औषधाची बाटली. ती एक शब्द बोलली नाहीं. एकेक वस्तु उचलून तिनें पुन्हां गांठ मारली, आणि पुढच्याच थांब्यावर ती उतरून गेली. तिकीट तिचें सांगलीपर्यंतचें होतें, असें मागाहून वाहकानें सांगितलें.

सांगलीस पोंचल्यावर पोलिसांत फिर्याद दिली. गुन्हा कोठेंही घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यांत देतां येते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११२ व्या कलमान्वयें टोळीनें खिसे कापणारांस एक ते सात वर्षें कैद व दंड सांगितला आहे. माळ मात्र अद्याप मिळालेली नाहीं.

रात्रीं सारें घर भोंवतीं बसलें असतां आम्हीं हकीकत सांगितली. मुलें हळहळलीं. आत्याबाई शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, "माळ गेली ती गेली. दुसरी करतां येईल. पण त्या बाईची क्षमा मागितलीस का रे?"

आम्हांस उत्तर देतां येईना. लंडनच्या एका दुकानांत रखवालदार आमचा रंग पाहून आमच्या मागें मागें फिरे, तेव्हां आमचा केवढा संताप होई! त्या रखवालदारानें निदान आमचें गांठोडें तरी सोडविलें नव्हतें.

प्रवासांत मौल्यवान वस्तु अंगाशीं ठेवावी, गाडींत चढतांना पिशवी पुढें धरावी, हें वाचकभगिनींस सांगावयास नकोच. आम्हांस स्वतःस सांगावयाचें आहे तें निराळें. परतीच्या प्रवासांत त्या थांब्यावर गाडी उभी राहिली, तेव्हां आम्ही खालीं उतरून पाहिलें. तेथें कोणीच नव्हतें.