कुठं पकडलंस?

छत्रपती संभाजीनगरात ज्युदो शिकायला येतात ती बहुतेक शाळा-कॉलेजची पोरं. त्यांच्यात वाळूज एमआयडीसीतला एक तिशीतला ऑपरेटर दाखल झाला. शिफ्ट बदलली की दांडी ठरलेली. वजन जुळलं म्हणून तो माझ्या जोडीला लागला.

सुरुवातीला फक्त पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, हात मॅटवर सपाट आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. हे त्याला पटकन जमलं. घोडं अडलं ते रांदोरीत, म्हणजे मोकळ्या लढतीत. ओसोतो गारी हा एकच डाव त्याच्यावर हमखास लागायचा. समोरचा त्याला उजव्या खांद्याकडून मागे रेटायचा, उजवा पाय मागून कापायचा, की स्वारी पाठीवर.

‘‘भाऊ, सर माझ्याकडं बघायलेच नाहीत,’’ असं त्याचं गाऱ्हाणं होतं. त्यात तथ्यही होतं. मॅटवर लहानमोठे सगळे एकत्र, त्यात कुणाची स्पर्धा तोंडावर आलेली, आणि शिकवणारा एकटा.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांचंही शिकणं काही सुखासुखी झालं नाही. तरुणपणी ते फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजविद्या शिकत. एका डावात आपटल्यावर त्यांनी विचारलं, हात कसा धरायचा, पाय कुठं ठेवायचा? गुरूंनी उत्तरादाखल त्यांना पुन्हा पाडलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा पाठ मॅटला. ही पद्धत मला तरी पटत नाही. विचारणाऱ्याला दोन शब्दांत सांगायला काय हरकत होती? पण कानोंची विचारण्याची खोड काही मोडली नाही. त्याच तालमीत फुकुशिमा नावाचा धिप्पाड गडी होता. ठेंगण्या, किरकोळ कानोंना तो आटपत नसे. त्यांनी आधी सुमोचे डाव करून पाहिले, ते फसले. मग वाचनालय गाठलं आणि पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळली. त्यांत प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा घेऊन फेकण्याचा डाव सापडला. तो घोटला आणि फुकुशिमाला उचलून टाकलं. ज्युदोत या डावाला काता गुरुमा म्हणतात. आपल्याकडचा कुस्तीशौकीन पाहील तर ‘ही तर कलाजंग!’ म्हणेल. (आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उभ्या लढतीत पायाला हात घालायला २०१३ पासून बंदी आहे, त्यामुळे तिथे हा डाव त्या मूळ रूपात मारता येत नाही.) कानोंनी कोदोकान ही स्वतःची ज्युदोची तालीम काढली ती पुढे, १८८२ साली.

आमच्या ऑपरेटरनं वाचनालय गाठलं नाही. त्यानं पाडणाऱ्यालाच धरलं. आपटला की उठता उठता विचारायचा, ‘‘कुठं पकडलंस मला?’’ पंधरा वर्षांच्या पोराला हे विचारायला तिशीतल्या माणसाला थोडा कोडगेपणा लागतो, तो त्याच्याकडे होता. पोरं मोकळेपणानं सांगत : काका, तुम्ही आधीच मागं झुकता. त्याला पटेना, म्हणून एकाच्या हाती मोबाइल देऊन त्यानं व्हिडिओ काढून घेतला. त्यात स्पष्ट दिसत होतं. गच्ची धरायला हात पुढे जाताच त्याचा उजवा पायही पुढे यायचा, आणि समोरच्यानं जरा रेटलं की सगळा भार त्याच टाचेवर. पाय कापायला याहून सोयीचं काय असणार?

मग कंपनीतही सराव सुरू झाला. मशीनपासून मालाच्या ट्रेपर्यंत जाताना तो गुडघे किंचित वाकवून, पाय एकमेकांना न ओलांडता सरकत चालायचा. लाइनवरचे हसले. सुपरवायझरनं पायाला काही लागलंय का विचारलं.

ओसोतो गारीवर जाणं बरंच कमी झालं, पण भार आता चवड्यांवर आला. हे हेरून पोरं त्याला पुढे ओढून सेओई नागेनं खांद्यावरून टाकायला लागली. हेही कधी ना कधी होणारच होतं. सर तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यात लहान गटाला कोलांट्या शिकवत होते. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. जाकिटाच्या बाहीनं घाम पुसला आणि मला म्हणाला, ‘‘भाऊ, तू हळूहळू ओढ. टाकू नको. पाय कुठं जायलाय ते बघू दे.’’