आमची बाग व कासचें पठार

छंद घरांत शिरतो तो पाहुण्यासारखा. पण थोड्याच दिवसांत तो घरधनी होऊन बसतो, असा अनुभव पुष्कळ कुटुंबांस आलेला असेल. रोपें जमविण्याच्या छंदास तर हें विशेषच लागू पडतें. पोस्टाचीं तिकिटें वहींत चिकटवून ठेवलीं म्हणजे काम संपलें. रोपाला मात्र रोज पाणी घालावें लागतें, ऊन दाखवावें लागतें, आणि एवढें करूनही तें केव्हां रुसेल याचा नेम नसतो.

आमच्या पुण्याच्या घरीं अंगणांत तुळशीवृंदावन आणि मागील दारीं मोरीच्या पाण्यावर वाढणारा अळू व कर्दळ, एवढीच पूर्वी बाग होती. पुढें आत्याबाईंनीं कोंकणांतून अनंताची फांदी ओल्या फडक्यांत गुंडाळून आणली, वहिनींनीं माहेराहून मोगरा आणला, आणि एम्प्रेस बागेंतील जानेवारीचें पुष्पप्रदर्शन पाहून आल्यावर मुलांच्या अंगांत तर वारेंच संचारलें. गच्ची भरली, जिन्याच्या पायऱ्या भरल्या. न्हाणीघराच्या खिडकींतही नेचे येऊन बसले. कोठेंही प्रवासास निघालें कीं, आत्याबाईंच्या पिशवींत खुरपें व ओलें फडकें हीं असावयाचींच.

या मंडळींचें मूळ गांव शोधूं लागल्यास मोठी मौज वाटते. दसऱ्याच्या तोरणांतील झेंडू व रात्रीं दरवळणारा निशिगंध हे मूळचे मेक्सिकोचे. संध्याकाळीं उमलणारी गुलबक्षी अमेरिकेंतली, आणि देवळांच्या आवारांत शोभणारा पांढरा चाफाही तिकडचाच. परंतु पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखालीं राहून तीं झाडें आतां जेथें नेऊं तेथें नांदतात. आमच्या घरांतील सर्वांचा समज असा झाला कीं, प्रेमानें आणलें तर कोणतेंही रोप आपल्या घरीं रमेल.

हा समज गेल्या सप्टेंबरांत पारखला गेला. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून सुमारें पंचवीस किलोमीटर गेलें म्हणजे कासचें पठार लागतें. त्याची उंची समुद्रसपाटीपासून बाराशें मीटरांच्या आसपास आहे. आम्ही पोहोंचलों तेव्हां धुकें दाटलेलें होतें. तें हळूहळू विरलें, आणि जमिनीवर रंगांचे पट्टे दिसूं लागले: कोठें तेरड्याचा गुलाबी, कोठें सोनकीचा पिवळा, कोठें गेंदाचे पांढरे ठिपके, आणि ओलसर उतारावर सीतेच्या आसवांची जांभळी झांक. साडेआठशेंहून अधिक प्रकारच्या वनस्पतींची नोंद येथें झालेली आहे. 2012 सालीं पश्चिम घाटांतील ज्या 39 जागांस युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कासही आहे.

वास्तविक बागाइताच्या दृष्टीनें ही जमीन अगदींच दरिद्री. खालीं जांभ्याचा खडक, वर मातीचा पातळ थर. पावसाळ्यांत तेथें पाणी सांचून राहतें आणि उन्हाळ्यांत खडक तापून निघतो. अशा ठिकाणीं जगण्यासाठीं वनस्पतींनीं नाना युक्त्या योजिल्या आहेत. सीतेच्या आसवांना खरीं मुळेंच नसतात. मातींत दडलेल्या सूक्ष्म पिशव्यांनीं तीं बारीक जीव धरतात. दवबिंदूच्या पानांवरील चमकणारे थेंब दंवाचे नसून चिकट रसाचे असतात. त्यांत सांपडलेला किडा हेंच त्याचें खत. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नांवांत तर सातारा शहराचेंच नांव आहे. पठारावरील उथळ डबक्यांत तो कंदाच्या रूपानें कोरडा काळ काढतो, आणि सह्याद्रीचा हा भाग सोडून तो इतरत्र आढळत नाहीं.

पायवाटेच्या कडेस लाल केसांचा एक दवबिंदू पाहून आमचा दहा वर्षांचा पुतण्या खालीं बसला. "आत्याआजी, फडकें काढ ना! एवढा एकच नेऊं. मी रोज पाणी घालीन. खतही घालीन."

आत्याबाईंचा हात संवयीनें पिशवीकडे गेला. फुलें तोडण्यास मनाई असल्याची पाटी समोर होतीच. पण पाट्यांचा धाक आत्याबाईंना कधींच नव्हता. त्यांनीं वांकून तें इवलें रोप बराच वेळ न्याहाळलें आणि मला विचारलें, "याला शेणखत घातलें तर काय होईल?"

"मरेल," मीं म्हटलें. "निकस माती आणि पावसाचें पाणी यांवरच तें जगतें."

त्यांनीं पिशवीचें तोंड आवळलें. "बाळ, आपल्या घरचें अन्न याला मानवायचें नाहीं. माहेरीं सुखांत असलेल्या पोरीला उगीच कां ओढून न्यायचें?"

पुतण्या हिरमुसला. दुपारीं कासच्या तलावाकांठीं बसून आम्ही दशम्या खाल्ल्या, तेव्हां वहिनींनीं हिशेबाची वही काढून त्याच्या पुढें ठेवली. त्यानें तिच्या मागल्या पानावर दवबिंदूचें चित्र काढलें आणि खालीं तारीख व ठिकाण लिहिलें. घरीं आल्यावर त्याची निराळी वही झाली. आज तींत जवळजवळ चाळीस वनस्पती आहेत. त्यांपैकीं एकही आमच्या गच्चीवर नाहीं.

गच्चीवरील बाग मात्र थांबलेली नाहीं. शेजाऱ्यांकडील जास्वंदीच्या फांद्या, बहिणीकडची शेवंती, रोपवाटिकेंतील गुलाबाचें कलम हीं येतच असतात. जें झाड फांदीनें वा बियांनीं वाढतें, आणि ज्याच्या नेण्यानें मूळ जागा उणी होत नाहीं, तें आनंदानें आणावें व दहा घरीं वाटावें. रानांतल्या कंदास मात्र हात लावूं नये. त्याचें घर त्याच्याबरोबर उचलून आणतां येत नाहीं.

ज्या कुटुंबांस कासला जावयाचें असेल त्यांनीं ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंतचा काळ धरावा, शक्य तर सुट्टीचा दिवस टाळावा, आणि आंखलेल्या वाटेवरूनच चालावें; कारण पठाराचा तो पातळ मातीचा थर पावलाखालींही दबतो. मुलांच्या हातीं एक कोरी वही व पेन्सिल जरूर द्यावी.