केडगावचे पाणी

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या पॅसेंजरने हौसेखातर प्रवास करणारा माणूस विरळाच. हडपसर, मांजरी, लोणी, उरळी, यवत, खुटबाव अशी एकेक स्टेशने घेत गाडी केडगावला टेकते. दुतर्फा ऊस, मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर आणि काकवीचा वास. प्रवासवर्णनाला शोभेल असा डोंगर इथे नाही, की समुद्र नाही. तरीही वाचकहो, पुणे जिल्ह्यात दिवसभराची सवड काढून कुठे जावे, असे मला कोणी विचारले, तर मी केडगावचेच नाव सांगेन.

स्टेशनाबाहेर आलो, तोच एका रिक्षावाल्याने हटकले, "काय पाव्हणं, बेटात का मुक्तीत?"

इतका गहन प्रश्न मला आजवर कोणत्याही रिक्षावाल्याने विचारला नव्हता! बेट म्हणजे नारायण महाराजांचे दत्तस्थान, आणि मुक्ती म्हणजे पंडिता रमाबाईंनी वसवलेले मुक्ती मिशन. एकाच स्टेशनावर दोन्हींकडचे भाविक उतरतात आणि एकमेकांची पिशवी उचलायला हातही लावतात. मी 'मुक्तीत' म्हणालो आणि बसलो.

रमाबाईंची कथा आपण शाळेत चार ओळींत उरकतो. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही धाकटी लेक 1858 साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जन्मली. वडिलांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले आणि आईने ते लेकीला दिले. तीर्थामागून तीर्थे करीत हिंडणारे हे कुटुंब 1870 नंतरच्या दुष्काळात सापडले. आई, वडील, मोठी बहीण, एकामागून एक गेली. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत 1878 साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. पुढे भाऊ गेला. लग्न झाले, तर दोन वर्षे पुरी होण्याच्या आत पतीही गेले. कडेवर मनोरमा राहिली. 1883 साली त्या विलायतेला गेल्या आणि त्याच वर्षी तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? याचे उत्तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. लंडनजवळच्या फुलहॅम इथे जोगिणींनी चालवलेले, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीचे एक घर त्यांनी पाहिले. आपल्याकडे जिचे नाव घेताना आवाज खाली येतो, तिला तिथे कोणी मायेने वागवीत होते. हे तुम्हाला करावेसे का वाटते, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला, शोमरोनी बाईचा.

ती गोष्ट समजायला मराठी माणसाला पंडिताची गरज नाही. भर दुपारी एक बाई घागर घेऊन एकटीच विहिरीवर येते. आपल्या खेड्यातली कोणतीही म्हातारी सांगेल की, पाण्याला बायका जातात त्या सकाळी, आणि जातात घोळक्याने. भर उन्हात एकटी जाते ती, जिच्याशेजारी कोणी घागर टेकवीत नाही ती. पाच नवरे झालेली, सहाव्याजवळ राहणारी, आणि जातीनेही अशी की, यहुदी माणूस तिच्या भांड्याला शिवायचा नाही. तिच्यापाशी येशू पाणी मागतो. आमच्या महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला, तेव्हा केवढा गहजब झाला! पाण्याचा सोवळेपणा आपण पिढ्यान् पिढ्या जपलेला. तेव्हा ही गोष्ट रमाबाईंच्या काळजाला का भिडली, हे वेगळे सांगायला नको.

पण बाप्तिस्मा झाला म्हणून सारे झाले, असे त्यांनी कधी मानले नाही. बाप्तिस्म्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी तिथल्या सिस्टरांशी घातला. पुढे 1891च्या सुमारास त्यांना जाणवले की, आपण ख्रिस्ती धर्म तेवढा स्वीकारला, ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेलाच नाही. आठ वर्षांनी आलेली ही दुसरी जाग त्यांना पहिलीहून मोठी वाटे. धर्म बदलणे आणि माणूस बदलणे यांतला फरक इतक्या सचोटीने सांगणारे लोक कोणत्याही धर्मात थोडेच.

याच सुमारास पुण्यात वादळ उठले. शारदा सदनातल्या विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, म्हणून 'केसरी' खवळला. 1893 साली रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचा राग निराधार होता असे म्हणवत नाही. पालकांनी मुली धाडल्या होत्या, त्या धर्माला हात लागणार नाही या भरवशावर. फुले मात्र त्यापूर्वीच, 1885 साली, 'सत्सार'मधून रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले होते.

हा वाद माझ्या घरातलाही आहे. माझ्या आजोबांची आत्या नवव्या वर्षी विधवा झाली. तिला शिकायला पाठवावे, असा विषय एकदा निघाला होता म्हणे. "तिकडे गेली की बाटेल," असे वडीलधारे म्हणाले आणि विषय मिटला. आत्या बाटली नाही. ती सत्तर वर्षे वाईच्या माजघरात राहिली. आजोबा हे सांगताना गप्प होत, आणि आम्हीही पुढचे विचारीत नसू. त्याच शारदा सदनात शिकलेली गोदूबाई नातू पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली आणि हिंदूच राहिली, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक असते तर?

1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनेकशे मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर त्यांनी विहिरी खणवल्या, झाडे लावली. 1900च्या दुष्काळानंतर इथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. उपाशी मरणे म्हणजे काय, हे या बाईला कोणी शिकवायला नको होते.

आवारात कृपा सदन, प्रीती सदन अशी नावे आहेत. आंधळ्यांच्या घराचे नाव बार्तीमय सदन. यरीहोच्या वाटेवर भीक मागणारा, मार्काच्या दहाव्या अध्यायातला हा आंधळा. तिथल्या ओट्यावर एक वृद्ध, दृष्टिहीन बाई मांडीवरच्या ब्रेलच्या पुस्तकावरून बोटे फिरवीत बसल्या होत्या. कुठून आलात, जेवलात का, अशी चौकशी झाली. मी शोमरोनी बाईचा विषय काढला.

त्या म्हणाल्या, "दादा, तिनं शेवटी घागर तिथंच टाकली आणि गावात पळत गेली. ज्या लोकांना टाळायला दुपारी यायची, त्यांच्याकडंच गेली! आमच्या बार्तीमयानंही हाक आल्यावर पांघरूण टाकलं. भिकाऱ्याचं तेवढंच असतं हो. देव भेटला की माणूस काहीतरी टाकतंच."

"मग रमाबाईंनी काय टाकलं?" मी विचारले.

"ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं," त्या हसून म्हणाल्या.

छापखान्याच्या आठवणी ऐकताना मला उत्तर सुचले. रमाबाईंनी आपले संस्कृत खाली ठेवले. भागवताचे हजारो श्लोक बाराव्या वर्षीच मुखोद्गत असलेल्या या पंडितेने आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. आणि तेही जाणून-बुजून साध्या मराठीत, नुकतीच अक्षरे गिरवू लागलेल्या बाईलाही कळावे म्हणून. खिळे जुळवणाऱ्या बायका इथल्याच, छापणाऱ्याही इथल्याच. 1921 साली मनोरमा गेली. सारी भिस्त जिच्यावर, ती लेक गेल्यावरही काम थांबले नाही. अखेरची मुद्रिते तपासून होईपर्यंत त्यांनी देवाकडे मुदत मागितली होती, असे इथे सांगतात. 5 एप्रिल 1922 रोजी त्या झोपेतच गेल्या. ग्रंथ बाहेर आला 1924 साली.

त्यांच्या समाधीपाशी थोडा वेळ उभा राहिलो. मी पंढरीच्या वाटेवरचा माणूस. आलो तसाच परत जाणार होतो. पण त्या जागी मला आजोबांची आत्या आठवली आणि हात आपोआप जोडले गेले.

तेवढ्यात शाळेची मधली सुट्टी झाली. बारा वाजले होते, ऊन मी म्हणत होते. नळाशी मुलींची झुंबड उडाली. कोणी कोणाला ढकलीत होती, कोणी ओंजळीने पीत होती, एक धिटुकली दुसरीच्या अंगावर पाणी उडवीत होती. त्यांत एकटी कोणीच नव्हती.